गुन्हेशास्त्राची पदवी पात्रतेच्या रकान्यात कधी येणार?



शेजारची मुलगी समाजशास्त्र घेऊन बीए झाली. परवा विचारायला आली, "काका, क्रिमिनॉलॉजीत एमए केलं तर पुढे काय?" मी तोंड उघडण्याआधीच तिचे बाबा म्हणाले, "पुढे काय राहाते? सीआयडी मालिकेतल्या दयासारखे दरवाजे तोडाचे!" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न तसाच राहिला.

गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांची आपण सर्रास गल्लत करतो. दुसऱ्याची नागपुरात सोय आहे. प्रयोगशाळा आहे, शासकीय संस्थाही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांची घटनास्थळ-भेट सक्तीची करायचे ठरवले. त्यामुळे त्या पदवीला मागणी वाढेल, हे चांगलेच. रक्ताचा डाग कुणाचा, हे प्रयोगशाळा सांगेल. पोरगा त्या वाटेला लागला कसा, हे शोधायला मात्र माणूस लागतो.

परिवीक्षा अधिकारी म्हणून मी ते काम केले. मोबाईल हिसकावल्याच्या प्रकरणात सापडलेल्या एका मुलाच्या घरी गेलो होतो. फळीवर आठवीची पुस्तके होती, कव्हर घातलेली, कोरी करकरीत. घर बदलले, जुन्या शाळेतून टीसी मिळेना, म्हणून नव्या शाळेत नाव लागले नाही. दोन वर्षे पोरगा पानठेल्यावर उभा. कागदावर तो 'आरोपी, वय 16' एवढाच होता. कायदा अशा सामाजिक तपास अहवालाला 15 दिवस देतो. त्यात काय विचारायचे आणि काय तपासायचे, हे मी चुका करत शिकलो. त्या चुकांची किंमत माझ्या आधी पोरांनी मोजली.

पीडितांचा अभ्यासही याच विषयात येतो. कस्तुरबानगरात दहशत माजवणाऱ्या अक्कू यादवला 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावाने इथल्या जिल्हा न्यायालयातच ठार केले. वस्तीचा पोलिसांवरचा विश्वास इतका कसा आटतो, हा नागपूरकरांनी तरी गुन्हेशास्त्राला विचारायचा प्रश्न आहे.

सागर विद्यापीठात हा विषय 1959 पासून शिकवला जातो. नागपूरहून सागर मुंबईपेक्षा जवळ आहे. म्हणजे शिकायची वाट आहे. अडते ते नोकरीशी. फौजदाराच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, प्रयोगशाळेला विज्ञान लागते. बाल न्याय कायदा, 2015 पाहा. बाल न्याय मंडळावरील समाजसेवक सदस्याकडे मुलांसाठी केलेले सात वर्षांचे काम असावे, किंवा तो बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र वा कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक असावा. गुन्ह्याकडे वळलेल्या मुलांचा निर्णय करणाऱ्या मंडळाच्या पात्रतेत गुन्हेशास्त्राचेच नाव नाही!

म्हणून मागणी साधी आहे. केंद्राने त्या यादीत हा विषय घालावा. राज्याने परिवीक्षा अधिकारी, निरीक्षणगृह आणि कारागृहातील समुपदेशक यांच्या पात्रतेत जिथे तो नसेल तिथे लिहावा. आणि नागपूर विद्यापीठाने समाजशास्त्र, मानसशास्त्र व विधी विभागांना एकत्र आणून हा अभ्यासक्रम चालवावा, निम्मे गुण प्रत्यक्ष कामाला ठेवून.

त्या मुलीला मी म्हणालो, "जरूर कर." आणि मग, जरा ओशाळूनच, "पण सोबत एलएलबीचाही फॉर्म भरून ठेव."

– एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी, नागपूर