सायकलवाल्याने कोणती मोटार घ्यावी?

मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, असे सर्रास म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या दारात बहुधा मोटार उभी असते. ज्याच्या दारात सायकल आहे त्याला हा प्रश्न वेगळा दिसतो. काकती, होनगा, कडोली, अगसगे या बाजूंनी सायकल मारत बेळगावला कॉलेजला येणारे विद्यार्थी अजून आहेत. मी त्यांच्यापैकीच एक. आमच्यासारख्यांच्या घरी आज ना उद्या "मोटार घेऊ या का?" हा विषय निघतोच. आमच्या घरी तो गेल्या दिवाळीपासून निघाला आहे. घरात वाणिज्य शिकणारा मी एकटाच, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. तो हिशेब मांडताना माझे जे मत बनले ते विद्यार्थी मित्रांसमोर आणि गुरुजनांसमोर ठेवतो.

गावात मोटारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देते?" मराठी बोलणारा असो वा कन्नड बोलणारा, या एका बाबतीत दोघांचे एकमत! माझे म्हणणे असे की, सायकलवाल्याच्या घरापुरता हा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

कारण सोपे आहे. ज्या घरातला मुलगा रोज सायकलने कॉलेजला जातो आणि वडील मोटारसायकलने कामावर जातात, त्या घरची मोटार धावणार किती? मी मोजले. आजीला दवाखान्यात नेणे महिन्यातून चार वेळा, निपाणीला मामांच्या घरी वर्षातून पाच-सहा वेळा, कोल्हापूरला दोन-तीन वेळा, आणि लग्ने, जत्रा, बारशी. सगळे धरून वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला सुमारे १९,५०० रुपयांचे पेट्रोल पिते आणि २४ किलोमीटर देणारी १४,६०० रुपयांचे. फरक पाच हजारांचाही नाही. या पाच हजारांसाठी लोक लाख-दोन लाख जादा मोजून 'ॲव्हरेजवाली' गाडी घेतात!

खर्च दोन प्रकारचे असतात हे आपण वर्गात शिकतो. स्थिर खर्च आणि बदलता खर्च. पेट्रोल हा बदलता खर्च. गाडी चालली तरच होतो. विमा, व्याज, घसारा हे स्थिर खर्च. गाडी दारात झाकून ठेवली तरी ते चालूच. घसाऱ्याला कन्नडमध्ये 'सवकळि' म्हणतात. दोन्ही शब्दांत झिजण्याचाच अर्थ आहे. मोटार उभ्या उभ्यादेखील झिजते, ही गोष्ट या दोन्ही भाषांना शोरूममधल्या विक्रेत्यापेक्षा चांगली ठाऊक आहे असे दिसते.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत. काकांच्या मनात सात लाखांची नवी गाडी आहे. दोन लाख रोख, पाच लाख कर्ज. पहिल्या वर्षी घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा १,०५,०००, कर्जाचे व्याज सुमारे ४०,०००, रोख भरलेल्या दोन लाखांवर बुडालेले बँकेचे व्याज १४,०००, विमा २०,०००, देखभाल ६,०००, पेट्रोल १७,५००. एकूण २,०२,५०० रुपये. किलोमीटरमागे पडले ५८ रुपये!

दुसरीकडे तीन लाखांची, कर्ज न काढता घेतलेली जुनी छोटी गाडी. घसारा ४५,०००, बुडालेले व्याज २१,०००, विमा ८,०००, देखभाल जास्त धरून १५,०००, पेट्रोल १९,५००. एकूण १,०८,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ३१ रुपये. वर्षाला ९४ हजारांचा फरक, आणि बसायला जागा दोन्हींत पाच माणसांचीच.

प्रामाणिकपणे तिसरा आकडाही मांडला पाहिजे. भाड्याची गाडी किलोमीटरला १५ रुपयांनी धरली, तर हाच सगळा प्रवास साडेबावन्न हजारांत होतो. शिवाय ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली महिलांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. आई, आजी आणि बहीण यांचा बेळगावला जाण्याचा खर्च आज शून्य आहे. तेव्हा नुसत्या वहीचा कौल घ्यायचा तर मोटार घेऊच नये, असा निघतो.

पण घर वहीवर चालत नाही. आजीला गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता दम लागला, तेव्हा भाड्याची गाडी मिळायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा? म्हणून मी मोटारीच्या विरुद्ध नाही. माझा विरोध आहे तो चुकीच्या मोटारीला आणि चुकीच्या कारणाला.

आपल्या भागाला परवडणाऱ्या मोटारीचे स्वप्न जुने आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या बुद्धीने 'मीरा' नावाची छोटी मोटार बनविली होती. ती कारखान्यापर्यंत पोचली नाही. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली. २००९ मध्ये टाटांची नॅनो बाजारात आली, एक लाखाची मोटार म्हणून जगभर गाजली, आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. 'सर्वांत स्वस्त' हेच बिरुद तिला भोवले, असे पुष्कळांचे मत आहे. स्वस्त गाडी हवी असते, पण ती स्वस्त आहे हे शेजाऱ्याला कळायला नको असते! आमच्या गल्लीत "गाडी यावाग तगोतीरी?" असे विचारतात. गाडी केव्हा घेता, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याला त्यात 'अजून कशी नाही घेतली?' असे ऐकू येते, आणि कर्जाच्या अर्जावर सही होते.

मग घ्यायची तर कोणती? माझे मत थोडक्यात असे. गाडी पेट्रोलची घ्यावी. डिझेल आणि सी.एन.जी. ही जास्त धावणाऱ्याची इंधने आहेत. नव्या गाडीत सी.एन.जी.साठी ऐंशी-नव्वद हजार जादा पडतात. किलोमीटरला दोन रुपये वाचले तरी आमच्या साडेतीन हजार किलोमीटरांत ते फिटायला बारा वर्षे लागतील. विजेच्या गाडीचेही तेच. चालविण्याचा खर्च कमी, पण किंमत मोठी. रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्याने तिचा विचार अवश्य करावा.

गाडी छोटी असावी. काकतीच्या बोळात शिरते आणि वळते तीच गाडी आपली. ऑल्टो के-टेन साधारण साडेतीन मीटर लांब आहे, वॅगन आर त्याहून थोडी मोठी. घरात गुडघे दुखणारे माणूस असेल तर उंच छताची वॅगन आर बरी. आजीला वाकावे लागत नाही. विकत घेण्यापूर्वी आजीलाच एकदा आत बसवून आणि उतरवून पाहावे. ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

जुनी घ्यायची तर जुलै २०१९ च्या आधीची घेऊ नये. त्या सुमारास ए.बी.एस. ब्रेक, चालकासमोरची एअरबॅग आणि मागे घेताना सूचना देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आठशे रुपयांच्या सीट कव्हरसाठी घासाघीस करावी, ब्रेकसाठी करू नये. नवीच घ्यायची असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे लक्षात ठेवून सर्वांत छोट्या गाडीपाशीच थांबावे.

आता सीमाभागातल्या आपल्या खास मोहाविषयी. कोल्हापूरला 'एम.एच. ०९' ची जुनी गाडी बेळगावच्या 'के.ए. २२' पेक्षा स्वस्त मिळते, असे सांगणारा एक तरी पाहुणा प्रत्येक घरात असतो. त्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. पण कर्नाटकचा आजीवन रस्ताकर भारी आहे: पाच लाखांपर्यंतच्या नव्या गाडीला १३ टक्के, त्यापुढे दहा लाखांपर्यंत १४ टक्के, वर उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त येथे ठेवली की नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीच्या वयाप्रमाणे येथला कर. म्हणून दोन्हीकडच्या किमती कर भरून झाल्यावर ताडून पाहाव्यात. नात्यागोत्याला सीमा नसते, पण आर.टी.ओ.ला असते.

दुसरी खबरदारी पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. आपल्याकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर येऊन वाहतूक थांबली होती. त्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज पाहावा, पायाखालचे कापड उचलून वास घ्यावा. टायरवरचे चार अंकी आकडे वाचावेत: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का, दंड थकले आहेत का, तेही पाहावे. आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला दिलेले पाचशे रुपये ही सगळ्या व्यवहारातली सर्वांत शहाणी गुंतवणूक होय.

एवढे करून मोटार दारात आली, म्हणजे खरी कसोटी सुरू होते. सायकलचे काय करायचे? घरापासून कॉलेज नऊ किलोमीटर. येऊन-जाऊन अठरा. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ३,६०० किलोमीटर, म्हणजे घरच्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त! मी मोटारीने कॉलेजला येऊ लागलो तर पेट्रोलचा खर्च वीस हजारांनी वाढेल आणि माझ्या साऱ्या हिशेबाचा पायाच ढासळेल. जुनी स्वस्त मोटार परवडते ती मुलगा सायकल सोडत नाही म्हणूनच. "अजून सायकलवरच जाऊलालास काय रे?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे.

सायकल काही सुखाची आहे असे नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंगावरून जातात, जुलैच्या पावसात वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळाव्या लागतात. तरीही नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि मोटारीही घरोघर आहेत. तेथला माणूस जवळ सायकलने जातो, लांब मोटारीने. जोडीला घ्यायची वस्तू आणि बदली घ्यायची वस्तू यांतला फरक त्यांना कळला आहे.

आमच्या घरापुरता हा फरक कागदावरचा नाही. धाकटी बहीण पुढच्या वर्षी बारावी होईल. तिला फार्मसीला जायचे आहे. तो चार वर्षांचा अभ्यासक्रम. पाच लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता नऊ टक्क्यांनी महिना दहा हजारांच्या वर जातो. म्हणजे तिच्या फीची चार वर्षे आणि हप्त्यांची पाच वर्षे एकाच खिशावर येणार. काका म्हणतात, "दारात चांगली गाडी असली की पोरीला स्थळे चांगली येतात." काकांचा मान राखून मला म्हणावेसे वाटते की, तिच्या नावापुढे पदवी असली तर स्थळांचे काय ते ती स्वतःच पाहील.

मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. कन्नडमध्ये म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु.' दोन भाषांनी एकच गोष्ट सांगावी, तीही या सीमेवर, हे काही थोडे नव्हे. निर्णय बाबांचा आहे. मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली आहे. तीत तीन लाखांच्या गाडीचे पान आहे, सात लाखांच्या गाडीचे पान आहे, आणि मधे एक पान बहिणीच्या फीचे आहे. ज्या मित्रांच्या घरी हा विषय चालू असेल त्यांनी हे मधले पान आधी लिहावे, आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष