पुडी लपवू नका, तारीख चुकवू नका

गाठ साधी नाही, असं डॉक्टर सकाळी सांगतात आणि संध्याकाळपर्यंत घरातला फोन थांबत नाही. कुणी लक्ष्मणफळाचा रस सांगतं, कुणी गोमूत्र, कुणी गव्हांकुर. कुणाच्या साडूच्या माहितीतला वैद्य ‘न कापता’ गाठ जिरवतो. सगळे मायेनंच सांगतात. म्हणून तर हात जोडून म्हणते, जरा थांबा.

माझ्या मावशीच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती आम्हीच पुढे ढकलली, पुड्यांसाठी. दर अमावास्येला गाडी काढायची, जुन्या वहीच्या कागदात बांधलेल्या राखाडी पुड्या आणायच्या, मधातून चाटवायच्या. सहा महिन्यांत गाठ लिंबाएवढी झाली, काखेतही हाताला लागू लागली. पुडी देणाऱ्याचा राग येतो. पण गाडी आम्ही चालवत होतो.

तुम्ही ती गाडी काढू नका. मिळालेली तारीख पाळा.

२०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. आणि या कुणाचाच आजार सुरुवातीला अंगभर पसरलेला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये हळद, कडुनिंब आणि लिंबूपाण्यानं एका बाईंचा कॅन्सर बरा झाल्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला, तेव्हा टाटा हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं. त्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं, केमोही झाली होती. तेवढं मात्र फॉरवर्ड करताना गळालं!

असा मेसेज आला तर तुमच्याकडेच थांबवा.

‘औषधं चालू ठेवून सोबत काढा घेतला तर काय बिघडलं?’ बिघडू शकतं. गुळवेलीनं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी पाहिलेत. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेन या कॅन्सरच्या औषधाचा असर कमी होऊ शकतो. काही भस्मांत शिसं सापडलंय. आमटीतली हळद खुशाल खा. योगासनं करा, प्राणायाम करा, भजनाला जा. त्यानं झोप लागते, जिवाला बरं वाटतं. पण पोटात जाणारं प्रत्येक चूर्ण, गोळी, काढा पिशवीत भरा आणि ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलावर ओता. ओरडतील म्हणून लपवू नका. ओरडले तर ओरडू द्या.

पैशांची धास्ती असेल तर तीही बोला. बरीच माणसं ऑपरेशनला नव्हे, बिलाला घाबरून पुडीकडे वळतात. हॉस्पिटलात आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

आणि तुमच्या नात्यात, शेजारी, ऑफिसात कुणाला नुकतंच कळलं असेल, तर आजच फोन करा. औषध सुचवू नका. एवढंच विचारा, “केमोची तारीख कधी? मी सोबत येते. डबा मी आणते.”