बांधावरचे काजवे

रोहिणी नक्षत्र निघाले, वळवाच्या दोन सरी पडून तापलेल्या जमिनीस ओल आली, की शेतकऱ्याचे लक्ष बियाण्याकडे व आकाशाकडे लागते. नेमक्या त्याच पंधरवड्यात ओढ्याकाठी काजवे दिसू लागतात. या दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्यात हा योगायोग नव्हे. ज्या ओलीची वाट बियाणे पाहते, तिचीच वाट काजवाही जमिनीच्या पोटात पाहत असतो. शेतकीच्या मासिकात काजव्याचा विषय कशास, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर असे की, काजवा हा बांधाचा, ओढ्याचा व पालापाचोळ्याचा जीव आहे. आणि बांध ज्याच्या सातबाऱ्यात आहे त्या खातेदाराखेरीज त्यास राखणारा दुसरा कोणी नाही.

खेड, मावळ व हवेली या तालुक्यांत ज्यांचे बालपण गेले, अशा वयस्क वाचकांस या जीवाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. चिखली, मोशी, तळवडे, कुरुळी, निघोजे ही आज कारखान्यांच्या व गाळ्यांच्या पत्त्यांवरून ओळखली जाणारी गावे त्या काळी बाजरी, भुईमूग व कांदा यांवरून ओळखली जात. उन्हाळ्यात घरात निजणे अशक्य, म्हणून अंगणात घोंगड्या पडत. कोणी वडीलधारा आंब्याच्या राखणीस निघाला की आम्ही मुले त्याच्या मागे लागत असू. ओढ्याच्या वळणावरील उंबर व जांभूळ काळोखात प्रथम दिसतच नसत. डोळे काळोखास सरावले की एक ठिणगी उठे, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात सगळे झाड श्वास घेत असल्यासारखे उजळे आणि विझे. काजवा धरण्यास चपळाई फारशी लागत नाही; तो संथ उडतो. त्याची पुढची ठिणगी कोठे पडणार एवढा अंदाज मात्र लागतो. उपरण्याच्या टोकात, रिकाम्या काड्यापेटीत, औषधाच्या बाटलीत आम्ही ते धरून आणीत असू. मुली त्यांची टिकली करून कपाळास लावीत. सुगरण पक्षी आपल्या खोप्यात ओल्या मातीवर काजवा चिकटवून दिवा लावतो, ही गोष्ट याच वेळी कोणी तरी सांगावयाचे. खोप्यात मातीचे लपके असतात हे खरे. दिव्याची गोष्ट मात्र कल्पनेची. निजण्यापूर्वी आजी बाटलीचे बूच काढावयास लावी. एखादा काजवा राहून गेलाच, तर सकाळी बाटलीत तपकिरी रंगाचा, अगदी सामान्य दिसणारा किडा आढळे. रात्रीचे तेज आणि सकाळचा किडा हे एकच, ही गोष्ट मुलांच्या मनात घर करून राही.

आता या किड्याचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व विचार त्यावर उभा आहे. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक आहे. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात एक द्रव्य असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला म्हणजे प्रकाश उत्पन्न होतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. हा प्रकाश म्हणजे त्यांची बोली आहे. नर उडत उडत विशिष्ट तालावर चमकतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी त्यास उत्तर देते, आणि त्या खुणेवरून नर तिच्याजवळ येतो. काही जातींत मादीस पंखच नसतात. तिचा जन्म ज्या ढेकळाशी होतो, त्याच्या आसपासच तिचे आयुष्य संपते. मादी ओलसर मातीत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली अळी महिनोन्‌महिने मातीत व पाचोळ्याखाली राहते, तेथेच तिचा कोष होतो, आणि पावसाच्या तोंडाशी पंख फुटलेला काजवा वर येतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचे. अर्थात आपण जो सोहळा पाहतो तो या जीवाचा शेवटचा पंधरवडा होय. त्याचे बाकी सर्व आयुष्य शेतकऱ्याच्या मातीत जाते.

त्या मातीत ही अळी काय करते, हे शेतकऱ्याने जाणून घेण्याजोगे आहे. ती शिकारी आहे. लहान गोगलगायी, शेंबड्या गोगलगायी व गांडुळे हे तिचे अन्न. गोगलगायीस चावा घेऊन ती तिला बधिर करते, आणि तिचे मांस पातळ करून शोषून घेते. आफ्रिकेतून आलेल्या शंखी गोगलगायीने सिलोनात उपद्रव मांडला, तेव्हा तेथील शेतकी खात्याने १९२४ साली या गोगलगायीचा शत्रू म्हणून एका काजव्याच्या अळीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि अनेकांस दुबार पेरणी करावी लागली, हे वाचकांस आठवत असेलच. काजवे असते तर ते संकट टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या टोळधाडीपुढे लहानशा अळीची मात्रा चालत नाही. परंतु बांधावरचे असे शिकारी जीव एकामागून एक नाहीसे झाले म्हणजे पुढे प्रत्येक कामासाठी दुकानातून गोळ्या आणाव्या लागतात, हा हिशेब मांडावयास फारशी विद्या नको.

आमच्या या टापूतून काजवे कसे गेले, त्याचा इतिहास उघड आहे. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळामागून माळ कारखान्यांखाली गेले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली आदी गावे तिच्या हद्दीत आली. पुढे चाकण, महाळुंगे, खालुंब्रे येथे मोटारींचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी हजारो घरांस पगार दिला, कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांस हुन्नर दिला. त्याचा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याचबरोबर ओढे बुजले, कित्येकांची गटारे झाली, आणि आळंदीस इंद्रायणीच्या पाण्यावर रसायनांचा पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला. ज्या काठावर फेस येतो, तेथील मातीत अंडी घालण्यास काजवा येत नाही.

तथापि सर्व दोष कारखान्यांच्या माथी मारून मोकळे होणे न्यायाचे नाही. जेथे कारखाना पोचला नाही, तेथेही काजवा कमी झाला आहे. त्याची कारणे शिवारातच आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून बांध दरवर्षी वीतभर नांगरला जातो आणि शेवटी दोन खातेदारांत नुसती रेघ उरते. ओढा सरळ करून दोन गुंठे मिळवले जातात, आणि काठचा उंबर व करंज तोडले जातात. हिवाळ्यानंतर बांधावरील गवत व पाचोळा पेटवून दिला जातो. मावळात भाताच्या राबासाठी पाला-गोवऱ्या जाळण्याचा प्रघात आहे, आणि तो नेमका काजव्याचा कोष मातीत पक्व होण्याच्या सुमारास येतो. फोरेटसारखी दाणेदार विषे वर्षानुवर्षे जमिनीत टाकली गेली. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या औषधावर बंदी आली, तरी कीड दिसण्यापूर्वीच औषध टाकण्याची सवय गेलेली नाही. मातीतील हुमणीस जे विष मारते, ते काजव्याच्या अळीची निराळी विचारपूस करीत नाही.

आणि शेवटचे, पण फार मोठे कारण म्हणजे प्रकाश. जगभरातील काजव्यांच्या अभ्यासकांची मते एकत्र करून २०२० साली एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात अधिवासाचा नाश, रात्रीचा कृत्रिम प्रकाश व कीटकनाशके हे तीन मुख्य धोके सांगितले आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावरून रात्री जाणाऱ्यास चाकणचे आकाश दुरूनच पिवळसर दिसते. गोठ्यावर, विहिरीवर, फार्महाउसच्या फाटकावर पांढरे एलईडी दिवे रात्रभर जळतात. अशा उजेडात मादीचे उत्तर नरास दिसत नाही. दोघेही जिवंत असतात, शेजारीच असतात, आणि भेट न होता पंधरवडा संपून जातो. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार आपण अद्याप वापरतो. परंतु आमच्या पट्ट्यातील शाळकरी मुलांनी खरा काजवा कधी पाहिलेलाच नसतो.

काजवे धरणाऱ्या मुलांनीच ते संपवले, असा एक आक्षेप ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. धरण्याचा व्यापार झाला म्हणजे मात्र हानी होते, हे खरे. जपानात मोरियामा येथील काजवे पकडून शहरांत विकण्याचा मोठा धंदा चाले. १९२४ साली तेथील काजव्यांस राष्ट्रीय निसर्गठेव्याचा दर्जा मिळाला, तरी पुढे ते तेथून नाहीसे झाले. अमेरिकेत १९४७ साली मॅकएलरॉय या शास्त्रज्ञाने बाल्टिमोरच्या मुलांकडून शंभर काजव्यांस पंचवीस सेंट या दराने काजवे विकत घेतले, आणि त्यांवरून प्रत्येक सजीव पेशीतील शक्तीच्या द्रव्याचा काजव्याच्या प्रकाशाशी संबंध सिद्ध केला. आज अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत स्वच्छता तपासण्यास तीच युक्ती वापरतात. पण चार काजवे धरून निजण्यापूर्वी सोडून देणारे मूल व्यापारी नव्हे. उलट ज्याने काजवा तळहातावर चालताना पाहिला, तोच मोठेपणी बांध पेटवण्यापूर्वी क्षणभर थांबेल. ज्याने पाहिलाच नाही, त्यास काय गेले हे कळणार तरी कसे?

आज काजवे पाहण्यासाठी पुण्याची व पिंपरीची मंडळी मोटारी घेऊन राजमाचीस, भंडारदऱ्यास, अकोले तालुक्यातील पुरुषवाडीस जातात. त्यामुळे डोंगरातील आदिवासी कुटुंबांस चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. परंतु दिव्यांचे झोत, गोंगाट आणि गवतात पडणारे पाय यांमुळे वनखात्यास तेथे निर्बंध घालावे लागले आहेत. ज्याच्या आजोबांच्या बांधावर काजवे फुकट नांदत होते, त्याच्या नातवाने ते पाहण्यास तिकीट काढून दीडशे किलोमीटर जावे, यात काही विपरीत आहे असे आम्हांस वाटते.

यावर व्यवहारी शेतकरी म्हणेल, “काजव्याने पोट भरत नाही. शिवाय आज ना उद्या ही जमीन विकलीच जाणार.” पहिल्या गोष्टीस उत्तर असे की, बांधाने पोट भरते. काजव्यास जे हवे, म्हणजे ओल, सेंद्रिय कुजवण, झाडाची सावली, न धुपणारा काठ, तेच विहिरीच्या पाण्यास व पिकाच्या मुळास हवे असते. काजवा जेथे टिकतो, तेथील माती अद्याप जिवंत आहे, असे समजण्यास हरकत नाही. माती-परीक्षणाचा कागद वर्षातून एकदा येतो. ही साक्ष दर रोहिणीत विनामूल्य मिळते. दुसऱ्या गोष्टीविषयी एवढेच म्हणू की, विकण्याचा दिवस येईपर्यंत जमीन मेलेली ठेवावी असा काही कायदा नाही. आणि ज्यांनी ती विकली नाही, त्यांचे शिवारच आता या पट्ट्यातील शेवटचा काळोख आहे.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्या व अल्प खर्चाच्या आहेत. ओढ्याच्या दोन्ही अंगांस पाच-सहा हात रुंदीची पट्टी नांगराविना राखावी. तीत उंबर, करंज, जांभूळ, गिरिपुष्प लावावे व गवत वाढू द्यावे. बांधावरील पाचोळा पेटवू नये. आच्छादनास वा खतास वापरावा. भाताची रोपे राब न भाजता गादीवाफ्यावर करण्याची रीत आता परिचित झाली आहे. मावळातील मंडळींनी तिचा अवलंब करावा. जमिनीत द्यावयाचे कीटकनाशक कीड ओळखल्यावाचून टाकू नये, आणि ओढ्यालगतच्या पट्टीत तर मुळीच नाही. रोहिणी व मृग या दोन नक्षत्रांत शेतावरील दिवे काम संपताच मालवावेत; जेथे दिवा हवाच, तेथे तो मंद, पिवळा व जमिनीकडे झुकलेला असावा. ग्रामपंचायतींनी ओढ्याकाठच्या खांबांवरील दिव्यांस वरून झाकणे बसवावीत, आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांस कुंपणाबाहेर जाणारे झोत आत वळवण्याची विनंती करावी. यांतील एकही गोष्ट कारखान्यांशी भांडल्यावाचून होणार नाही अशी नाही.

हे सर्व एकट्याने केल्यास फळ थोडे, कारण ज्या मादीस पंख नाहीत ती एका शेतातून चार शेते ओलांडून जात नाही. एका ओढ्यावरील सर्व खातेदारांनी मिळून काठ राखला, तरच पट्टी सलग होते. पाणी-वाटपासाठी एकत्र बसण्याची आपल्या शेतकऱ्यांस सवय आहे. आता काठ-राखणीसाठीही बसावे. ज्या ओढ्यावर अद्याप दहा-वीस काजवे दिसतात, तेथून आरंभ करावा, कारण जेथे बीज शिल्लक आहे तेथेच ते वाढते. जेथे ते पार गेले, तेथे परत येण्यास कित्येक वर्षे लागतील. यंदाच्या रोहिणीत एके रात्री, दिवे मालवून, घरातील मुलांसह आपल्या शिवारातील ओढ्यावर जावे, काजवे मोजावेत, आणि तो आकडा शेतीच्या वहीत पावसाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा. पुढील वर्षी तो वाढला की घटला, यावरून आपल्या बांधाची प्रकृती आपणांस कळून येईल.