‘शास्त्रीय कारण’ आणि मराठीचा तास

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गाला मी एक साधा स्वाध्याय दिला होता. ‘यामागे शास्त्रीय कारण आहे’ हे वाक्य ज्यात असेल असा, मोबाइलवर आलेला एखादा मजकूर प्रत्येकाने आणायचा आणि त्याच्या भाषेचे विश्लेषण करायचे. दुसऱ्याच दिवशी वीस-बावीस मजकूर जमा झाले. देवळातल्या घंटेच्या कंपनांनी जंतू मरतात; उत्तरेकडे डोके करून झोपल्यास रक्तातले लोह मेंदूकडे ओढले जाते; अमुक मंत्राच्या लहरी ‘नासा’ने मोजल्या आहेत. रक्तातले लोह खिळ्यासारखे चुंबकाकडे धावत नाही, हे सांगायला विज्ञानाचे प्राध्यापक शेजारच्याच इमारतीत होते. आम्ही मात्र वाक्यांकडे पाहत होतो. कर्ता कोण? ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ यातले शास्त्रज्ञ कोणते, कधी, कुठे? चर्चा रंगली. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आमचे वडील रोज हेच वाचून दाखवतात. त्यांनाही असंच विचारायचं का?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. हे टिपण त्या न दिलेल्या उत्तरातून निघाले आहे.

मराठीत या घोटाळ्याची सुरुवात ‘शास्त्र’ या शब्दापासूनच होते. भौतिकशास्त्र, धर्मशास्त्र, पाकशास्त्र, ज्योतिषशास्त्र, वास्तुशास्त्र ही सारी नावे एकाच प्रत्ययाने एका पंगतीला बसतात. घरात ‘शास्त्रापुरता तिळगूळ घे’ असे आपण म्हणतो, तेव्हा शास्त्र म्हणजे रूढी. ‘शास्त्रीय संगीत’ म्हणतो, तेव्हा परंपरेने बांधलेली रीत. आणि ‘शास्त्रीय कारण’ म्हणतो, तेव्हा प्रयोगाने तपासलेले कारण. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळू देणे, हे छद्मविज्ञानाचे निम्मे भांडवल आहे. ‘विज्ञान’ शब्दाचाही प्रवास असाच आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान. आजच्या अर्थाचे विज्ञान तिथे शोधणे हा शब्दार्थाचा अनाचार होय. तरीही ‘आपल्या ग्रंथांत विज्ञान होतेच’ असे सांगणाऱ्याला हा अर्थबदल दाखवून देण्याचे काम कोणाचे? भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचे नव्हे. ते आपले, भाषा शिकवणाऱ्यांचे आहे, आणि आपण ते टाळत आलो आहोत.

महाराष्ट्रात हे काम चळवळीने केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. गावोगावच्या शाखांतून शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार अशी साधी माणसे या कामात आली. सुरीने लिंबू कापताच रक्त निघते, ते पात्याला आधीच लावलेल्या रसायनामुळे. नारळ पाण्याच्या शिंतोड्याने पेटतो, तो शेंडीत दडवलेल्या सोडियममुळे. आधी चमत्कार करून दाखवायचा आणि मग तो उलगडायचा, ही त्यांची रीत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले तेव्हा मी दहावीत होते. वाटी-चमचा घेऊन रांगेत मीही उभी होते. चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ ओघळाने खाली उतरते, दुधात रंग मिसळला की तो ओघळ दिसतो, हे मला नंतर कळले. कळल्यावर राग आला नाही. उलट, रांगेत कोणीही मूर्तीच्या पायथ्याकडे पाहिले कसे नाही, याचे नवल वाटले. सगळ्यांचे डोळे सोंडेवर होते.

या परंपरेतला मला सर्वांत शिकवण्यासारखा वाटणारा पाठ २००८ सालचा आहे. डॉ. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे कुंडल्या जमवल्या: शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषाला चाळीस कुंडल्या द्यायच्या आणि कोणती कोणाची ते त्याने सांगायचे. यशासाठी किमान २८ बरोबर यायला हव्यात, हे आधीच ठरले होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सर्वाधिक गुण २४. सरासरी नाणे उडवून मिळाली असती त्याहूनही कमी. या प्रयोगाचे सौंदर्य निकालापेक्षा त्याच्या रचनेत आहे. तिथे कोणाला ढोंगी म्हटले नाही, कोणाची खिल्ली उडवली नाही. ‘तुमचा दावा नेमका काय, आणि तो खोटा ठरला हे आपण कशावरून मानायचे?’ एवढेच विचारले. हेच नारळीकर पुढे नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी केवळ स्पर्धा परीक्षेपुरती लक्षात ठेवू नये.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत, त्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणणारे आमच्याही स्टाफरूममध्ये आहेत. परभणी जिल्ह्यात बसून तरी असे म्हणू नये. १९७२ ते १९७४ या काळात मानवतला मुली आणि स्त्रियांच्या हत्यांची मालिका घडली. तपासातून जे पुढे आले त्याच्या मध्यभागी गुप्तधनाचा लोभ आणि संततीची आस होती. २०२४ मध्ये त्यावर वेब-मालिका आली आणि आमच्या विद्यार्थ्यांनी ती थरारकथा म्हणून पाहिली. त्यांच्या आजी-आजोबांनी तो काळ दारे लावून घरात काढला होता. ‘इथे धन आहे आणि ते बळी मागते’ हेही एक वाक्यच असते. ते कोणीतरी उच्चारते, आणि ‘कशावरून?’ असे कोणीही विचारत नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. तिघे निर्दोष सुटले. त्या कायद्याची अनुसूची मराठीच्या वर्गात वाचावी अशी आहे. करणी, भानामती, जारणमारण, गुप्तधन, गंडेदोरे: मराठवाड्याच्या आजीबाईंच्या तोंडचे शब्द तिथे कायद्याच्या भाषेत येऊन बसले आहेत. साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा तिथे गुन्हा आहे.

तरी चळवळीशी माझा एक मतभेद आहे, आणि तो वाङ्मयाच्या बाजूने आहे. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. संत जनाबाईचे गाव. जनीबरोबर विठ्ठल दळायला बसतो. उत्साही कार्यकर्ता यावर हसतो आणि भाबडा भक्त ‘हे प्रत्यक्ष घडले’ म्हणून पुरावे देतो. दोघांनीही ती ओळ चुकीची वाचली. राबणाऱ्या दासीने देवाला आपल्या कष्टांत ओढून आणणे हे रूपक आहे. त्याची सत्यता जात्याभोवतीच्या पावलांच्या ठशांवर अवलंबून नाही. रूपकाला प्रयोगशाळेत नेणे जितके अरसिकपणाचे, तितकेच दाव्याला रूपकाच्या पडद्याआड लपू देणे धोक्याचे. बुवा पैसे घेताना दावा करतो, आणि पकडला गेल्यावर ‘ही श्रद्धेची भाषा आहे’ म्हणतो. या दोहोंतला फरक ओळखण्याचे शिक्षण विज्ञानाच्या पुस्तकात मिळत नाही. ते कविता नीट वाचण्यातून मिळते. तुकोबांच्या अभंगांत विठ्ठलाची आर्त हाकही आहे आणि नवसाची निर्भर्त्सनाही आहे. दोन्ही एकाच तोंडून कशा येतात, हे समजणारा विद्यार्थी सहसा फसणार नाही.

तेव्हा माझे मागणे लहान आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरात आणि बातमीलेखन असते, तसा ‘दाव्याची भाषा’ हाही एक घटक असावा. त्याला खर्च नाही, प्रयोगशाळा नको. कच्चा माल प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि त्या मुलीचा प्रश्न. मी तिला दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले: वडिलांना जरूर विचार, पण पेपर तपासणाऱ्याच्या आवाजात नको. ते रूपक सांगत असतील तर ऐकून घे. दावा करत असतील तर ‘हे कोणी सांगितलं?’ म्हणून विचार. आणि त्या दाव्यावर घरातल्या कोणाचा जीव टांगलेला असेल, तर वाद घालत बसू नकोस. आधी दवाखाना गाठ.