छताला टांगलेली कमान

चर्च उभारावे इंजिनिअरने आणि त्यात सौंदर्य आणावे मागाहून सजावटकाराने, अशी एक समजूत आपल्या धर्मग्रामांत रूढ झाली आहे. ती मला मुळीच मान्य नाही. या समजुतीपोटीच काँक्रीटच्या सपाट स्लॅबखाली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या टोकदार कमानी उभ्या राहतात. उभ्या कसल्या, टांगल्या जातात! कमानीचा धर्म भार वाहण्याचा. मध्ययुगातील गॉथिक कारागिरांच्या हाती तिचे टोक निव्वळ शोभेचे नव्हते. त्याने बाजूला रेटणारा जोर कमी होई. उरलेला जोर ते बाहेरच्या आधारकमानींवरून जमिनीत उतरवीत, आणि तोही सर्वांच्या डोळ्यांदेखत. आमच्या कमानीचे ओझे मात्र बिचारे छतच वाहते. देवाच्या घरातील या लटिक्या गोष्टीला कला म्हणण्याचे धाडस आपण कोठून आणतो?

खरी कला पाहायची तर उरुग्वे देशातील एस्तासिओन अटलांटिदा या श्रमिकांच्या गावचे 'ख्रिस्त कामगार' चर्च पाहावे. एलादिओ दिएस्ते (१९१७-२०००) यांनी ते १९५८ ते १९६० या काळात बांधले. ते इंजिनिअर होते आणि श्रद्धावंत कॅथलिकही. साहित्य कोणते? साधी वीट. सुमारे ७ मीटर उंचीची पातळ भिंत सपाट ठेवली तर डळमळणारच. पोस्टकार्ड सपाट उभे राहत नाही, घडी घातली की राहते. दिएस्ते यांनी घडीऐवजी भिंतीला लाट दिली. पायथ्याशी ती सरळ रेषेत आहे. वर जाता जाता नागमोडी होते आणि त्याच लयीतल्या, विटांच्याच छताला भेटते. गंमत अशी, की खालची रेषा आणि वरची लाट यांमध्ये ताणलेली प्रत्येक दोरी सरळच असते. त्या दोऱ्यांच्या आधाराने गवंड्यांनी वक्र भिंत रचली. सुमारे १६ मीटर रुंदीच्या त्या मंदिरात मधे एकही खांब नाही. छताचा बाजूला रेटणारा जोर त्याच्या खोलगट भागांतून नेलेल्या लोखंडी सळ्या रोखून धरतात.

ही लाट पाहणाऱ्याला कविता वाटते. पण तिचे एकही वळण हौसेचे नाही. सपाट केली तर भिंतीचे बळच जाईल. युनेस्कोने २०२१ साली या चर्चला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

'फादर, एवढा पैसा आपल्याकडे कोठून?' असे कोणी म्हणेल. अहो, दिएस्ते अशाच विटांच्या छतांची गोदामे बांधत! पैसा तर आपण घालवतो तो प्लास्टरवर आणि खांबांना गुंडाळलेल्या संगमरवरावर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात निव्वळ डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा पुरस्कार केला. ते पान बांधकाम समितीच्या टेबलावर कधी उघडले गेले आहे काय?

नव्या चर्चचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी इंजिनिअरला धर्मग्रामाच्या सभेस बोलवा. छताचा भार कोठून कोठे जातो ते त्याला फळ्यावर खडूने काढून दाखवू द्या. आणि ज्या कमानीवरून तो भार जातच नाही, तिच्या खर्चाचा आकडा त्याच सभेत वेगळा मागा.