मंत्रोच्चार आणि प्रयोगशाळा
मंत्रजपाने चित्त स्थिर होते, हा परंपरेचा दावा शास्त्राच्या कचेरीत रुजू झाला, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. कारण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील लुचानो बर्नार्दी यांच्या प्रयोगात ‘ॐ मणि पद्मे हूँ’ आणि जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना या दोहोंनीही श्वासगती मिनिटाला सुमारे ६ वर येऊन रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया बळावल्याचे आढळले. २०११ च्या बंगळूर येथील निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासात ओंकाराशेजारी ‘स्स्’ हा निरर्थक ध्वनी ठेवला होता, आणि मेंदूच्या भावनासंबद्ध भागांची क्रिया ओंकारानेच मंदावली. दीर्घ मकाराचे कंपन कानाजवळील मज्जातंतूस चेतवीत असावे, हा संशोधकांचा कयास होय. मात्र मूठभर माणसांवरील पुराव्यावर रोगमुक्तीचे जाहीरनामे काढणे गैर. त्यापेक्षा वेदपाठशाळांतील घनपाठ्यांचे, म्हणजे वेदातील पदे उलटसुलट क्रमाने म्हणणाऱ्या पाठकांचे, उच्चार ध्वनिमुद्रित करून तपासण्याची तजवीज विद्यापीठांनी विनाविलंब करावी.