मांगराआधी पडवी

यंदा कुळागरात अवजारांसाठी मांगर बांधायचा बेत असलेल्या बागायतदारांना आमचा एकच आग्रह आहे: खोलीच्या आधी पडवीची मापे काढा.

डिचोली-पेडण्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नेमके त्याच दिवसांत कोयता, कुदळ, पिकास आणि फवारणीचा पंप रोज हातात असतात. संध्याकाळी ही अवजारे चिखलासकट बंद खोलीत टाकली की गंज आपणच पोसतो. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार आणि पडवी पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. पडवी निदान पाच फूट रुंद हवी. भिंतीला लाकडी खुंट्या आणि खाली पाय धुवायचा दगड असावा. तिथे धुऊन, निथळून, तेलाचा हात फिरवून मगच अवजार आत जावे. आतली खोली लहान असली तरी चालते.

किती लहान, हे अवजारेच सांगतील. सगळी अंगणात मांडून मोजा. शिडी आणि आंब्याच्या झेल्याची काठी खोलीत बसवायला जाल तर मांगर उगाच लांबेल. त्यांची जागा पडवीच्या वाशांखाली.

जागा निवडताना माड-पोफळींपासून दूर राहा. एक चुडत पडले तरी कौले फुटतात. व्हाळाच्या काठचा सपाट तुकडा मोह घालतो, पण तोही टाळा. डिचोलीतल्या आमच्या शिरगावात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथे खाणींनी विहिरींचे पाणी ओढले, पावसात गाळ शेतांत उतरवला आणि कित्येक ठिकाणी मूळ जमिनीवर मातीचे भराव चढवले. 2012 साली खाणी एकदा थांबल्या, तरी भराव तिथेच राहिले. असल्या भुसभुशीत मातीवर जोते बसवू नका. खणून मूळ जमीन लागली तरच पुढे जा. या गावाने जमिनीपायी इतके सोसले आहे की उरलेल्या कुळागरात जो कोणी नवे बांधतो, त्याचे काम टिकलेच पाहिजे असे आम्हाला मनापासून वाटते.

भिंतीला चिरा उत्तम. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने खालची ओल वर चढते. जोते दीड फूट उचला आणि त्यावर काँक्रीटचा पट्टा द्या. पत्रा स्वस्त पडतो, पण थंड रात्री त्याच्या आतल्या बाजूला पाणी धरते आणि ते अवजारांवर ठिबकते. त्यापेक्षा मंगळुरी कौले बरी. वाशांना जुन्या माडाचे लाकूड आणि रिपांना पक्की पोफळ घरच्याच बागेत मिळेल.

आत सामान लावताना मोरचूद मात्र लोखंडाजवळ ठेवू नका. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असे बोर्डो मिश्रण करतो. ते तयार झाले की नाही हे पाहायला कोयत्याचे पाते बुडवतो. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलेला असतो. पात्यावर जे क्षणात दिसते, तेच ओलसर खोलीत फुटलेल्या पिशवीतून हळूहळू होत राहते. मोरचुदासाठी वेगळा, कुलपाचा, प्लास्टिकच्या डब्यांचा कोपरा करा. पेट्रोलचा कॅन त्यापासूनही लांब ठेवा.

परवान्याकडे काणाडोळा नको. गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 प्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भावकीची नावे एकत्र असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घ्या. हे कागद दिवाळीनंतर लगेच हलवले तर माघात चिरे उतरवता येतात. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. धोंडांचे, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांचे, व्रत सुरू झाले की गावात गवंडी मिळणे कठीण, आणि जत्रेनंतर वळवाचा भरवसा नसतो. तेव्हा कौले जत्रेआधी चढवा; फळ्या, खुंट्या, कडी-कोयंडा पावसातही बसवता येतो.